रेतिचेल्लो थांबेल, आधी पुंतो आंतिको

इटालियन पांढरं भरतकाम नव्याने शिकताय आणि थेट जाळीकामालाच हात घालायचाय? मग कापड कापायची घाई करू नका, एवढं एकच ऐकलंत तरी पुष्कळ झालं.

तुम्हाला भुरळ घालणारी जाळी म्हणजे रेतिचेल्लो. लिननचे धागे कापून काढायचे आणि उरलेल्यांवर काजटाक्यांनी नक्षी उभी करायची. १६व्या शतकात इटलीत यातूनच कापडाशिवायची सुईची लेस, पुंतो इन आरिया, घडली. सुंदर आहे, पण पहिल्या महिन्यातलं काम नाही. पुंतो आंतिकोने सुरुवात करा: धागे मोजून घातलेले सॅटिन टाके, म्हणजे एकमेकांना लागून घातलेले सरळ टाके, आणि पुंतो क्वाद्रो, म्हणजे चौकोनी टाका.

सामान थोडंच:
- लिनन, इंचाला २८ धागे, उभे-आडवे सारखे
- पर्ल कॉटन, म्हणजे भरतकामाचा पीळदार दोरा: सॅटिनला ८ नंबर, चौकोनी टाक्याला १२
- बोथट सुई, २४ नंबर. टोकदार सुई धागा चिरते, मग मोजणी गेलीच.

नवखे हमखास फसतात ते मोजणीत. एक धागा चुकला की चौकटीचं शेवटचं टोक पहिल्याला भेटतच नाही. माझ्या पहिल्या रुमालाचं हे मला चौथ्या कोपऱ्यात कळलं. तीन संध्याकाळी नुसतं उसवत बसले. म्हणून आधी दर २० धाग्यांवर रंगीत धावदोरा घाला.

सॅटिन टाका ओढू नका, सपाट बसू द्या. चौकोनी टाका मात्र घट्ट ओढा, भोकं दिसलीच पाहिजेत. गाठ मारू नका. पांढऱ्यावर ती उठून दिसते, टोक टाक्यांखाली दडवा.

पहिला नमुना तळहाताएवढाच घ्या. कात्री फक्त दोरा तोडायला.