तुमचे प्रश्न: बीपी दाखवणारं घड्याळ घेऊ का?

प्रश्न: नमस्कार ताई, मी इंदिरानगरला राहते, वय ४८. शुगर बॉर्डरवर आहे म्हणून डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलंय, तर सकाळी जॉगिंग ट्रॅकवर जाते. लेक म्हणतो आई तुला फिटनेस बँड घेऊ, बजेट अडीच हजार. एम. जी. रोडला एका दुकानात विचारलं तर दीड हजाराच्या घड्याळात बीपी, शुगर, ऑक्सिजन सगळं आहे म्हणे, आणि अडीच हजाराच्या बँडमध्ये बीपी नाहीच! मग जास्तीचे हजार कशाला घालायचे?

उत्तर: ताई, जे घड्याळ सगळं दाखवतं म्हणतात ना, तेच घेऊ नका. माझ्या मावसभावाने असंच एक मागवलं होतं, मोठ्या कौतुकाने दाखवायला आणलं. मी म्हटलं दे इकडे, आणि लाटण्याला नॅपकिन गुंडाळून त्यावर बांधलं. पंधरा-वीस सेकंद हिरवा लाइट लुकलुकला आणि लाटण्याचं बीपी आलं ११८/७६. माझ्यापेक्षा बरं!

होतं काय, की घड्याळाच्या पाठीमागचा तो हिरवा प्रकाश कातडीत जातो, रक्त तो शोषून घेतं, दर ठोक्याला रक्त कमी-जास्त होतं तसा परत येणारा प्रकाश बदलतो, त्यावरून पल्स मोजतात. एवढं काम बरे बँड ठीक करतात. बीपीला दंडावर पट्टा फुगवावाच लागतो, निदान या किमतीत तरी. आणि शुगर तर सोडाच, सुई न टोचता शुगर सांगणाऱ्या एकाही स्मार्टवॉचला आम्ही मान्यता दिलेली नाही असं अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे औषधं आणि वैद्यकीय उपकरणांना मान्यता देणाऱ्या तिथल्या सरकारी संस्थेने, फेब्रुवारी २०२४ मध्ये स्पष्ट सांगितलंय. तुमची शुगर बॉर्डरवर, त्यात घड्याळ नॉर्मल दाखवतंय म्हणून तुम्ही लॅबला जायचं टाळलं तर? ती भीती मला जास्त वाटते.

अडीच हजारात स्टेप्स, पल्स, झोप आणि आठवडाभर टिकणारी बॅटरी एवढं बघा, बास. दुकानात हातात घालून मनात मोजत १०० पावलं चाला, घड्याळात ९५ ते १०५ आली तर चांगलं. दाराबाहेर उन्हात जाऊन आकडे दिसतात का बघा. लेकाला तिथेच मराठीत व्हॉट्सॲप करायला सांगा, काही स्वस्त घड्याळांत देवनागरीऐवजी नुसते चौकोन येतात आणि हे घरी आल्यावरच कळतं. पट्टा तुटला तर दुसरा मिळतो का, तेही विचारा, कारण आधी पट्टाच जातो.

आणि हो, बांगड्या! बँड मनगटाच्या हाडापासून बोटभर वर, कोपराच्या बाजूला, घट्टसर बसायला हवा. खाली बांगड्या आणि वर बँड असं घाला, नाहीतर तो सैल होऊन सरकतो आणि पल्स काहीच्या काही दाखवतो. भांडी घासताना राहिला तरी चालतं, गिझरच्या गरम पाण्याने आंघोळ करताना मात्र काढून ठेवा, खोक्यावर ५ एटीएम, म्हणजे पाण्याचा दाब सोसतो, असं लिहिलेलं असलं तरी.

प्रश्न: मी स्कूटरवरून सातपूरला कामाला जातो, पोचेपर्यंत बँडवर सातशे-आठशे स्टेप्स झालेल्या असतात. बिघडलाय का? आणि रोज १०,००० झाल्याच पाहिजेत का?

उत्तर: बिघडलेला नाही हो, खड्डे मोजतोय! आत हालचाल टिपणारा सेन्सर असतो, त्याला हाताचे ठरावीक लयीतले हिसके म्हणजे पाऊल वाटतं. कणीक मळतानाही आकडा वाढतो, आणि उलट दोन्ही हातांत भाजीच्या पिशव्या घेऊन चाललात तर कमी भरतो. म्हणून एका दिवसाच्या आकड्यावर जाऊ नका, आठवड्याचा मागच्या आठवड्याशी ताडून बघा.

१०,००० हा आकडा काही डॉक्टरांनी शोधलेला नाही. १९६५ च्या सुमारास जपानमध्ये पावलं मोजायचं एक यंत्र विकायला आलं, त्याचं नावच मानपो-केई, म्हणजे दहा हजार पावलांचं मीटर. तिथून तो आकडा जगभर पसरला. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला निदान १५० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते. बोलता येतंय पण गाणं म्हणता येत नाही, इतकं भरभर चाला. आज ४,००० होत असतील तर पुढच्या आठवड्यात ५,००० करा, स्कूटरचे वजा करून बरं का.

प्रश्न: दर रविवारी पांडवलेणी चढतो. जीपीएसवाला बँडच घ्यावा का?

उत्तर: फोन खिशात असतोच ना? मग बँड फोनचंच जीपीएस वापरतो, वेगळे पैसे नकोत. फोन घरी ठेवून पळणार असाल तरच बिल्ट-इन घ्या, आणि ते चालू ठेवलं की खोक्यावरची दोन आठवड्यांची बॅटरी विसरा.