आरएफआयडी लेबलवर छपाई बरोबर येते, पण रीडरवर भलताच नंबर का दिसतो?

तुम्ही लिहिलंय की आरएफआयडी लेबलवर (रेडिओ लहरींनी वाचता येणारी चिप असलेलं लेबल) ०००१२३ छापलं, चिपमध्येही तेच पाठवलं, आणि रीडर मात्र ३०३०३०३१३२३३ व पुढे नुसती शून्यं दाखवतो. चिप चांगली आहे, प्रिंटरही चांगला आहे. तुमचा नंबर अक्षरं म्हणून लिहिला गेलाय, एवढंच. ॲस्कीमध्ये (अक्षरांना कोड देण्याची पद्धत) ० चा हेक्स, म्हणजे १६ च्या पायाचा, कोड ३०, १ चा ३१, २ चा ३२ आणि ३ चा ३३. रीडरवरचा आकडा दोन-दोन अंकांनी तोडून वाचा, तुमचा ०००१२३ त्यात जसाच्या तसा आहे.

आता स्टॉकच्या सॉफ्टवेअरमध्ये तुम्हाला अनोळखी माल दिसतोय, तो कुठून आला? बारकोडचे नियम ठरवणाऱ्या जीएस१ संस्थेच्या नियमाप्रमाणे ३० ने सुरू होणारा ९६ बिटांचा ईपीसी (चिपमधला ओळख क्रमांक) म्हणजे एसजीटीआयएन, म्हणजे कंपनी, आयटम आणि त्या नगाचा सिरियल सांगणारा विक्रीच्या मालाचा क्रमांक. तुमचा नंबर योगायोगाने ३० नेच सुरू झाला. मी तो हाताने सोडवून पाहिला: कंपनी प्रीफिक्स ०६३१६६४४, आयटम ५२२२४, सिरियल शून्य. सगळं नियमात बसतं! मग सॉफ्टवेअरला शंका येणार तरी कशी?

झेडपीएल (झेब्रा प्रिंटरची आज्ञाभाषा) वापरत असाल तर आरएफ कमांडमधलं स्वरूपाचं अक्षर बघा. ‘ए’ म्हणजे ॲस्की, ‘एच’ म्हणजे हेक्स. लेबल डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये हीच निवड आरएफआयडीच्या सेटिंगमध्ये असते, आणि तिकडे सहसा कोणी फिरकत नाही. हेक्स निवडा आणि पूर्ण २४ अंक पाठवा (९६ बिट म्हणजे १२ बाइट), डावीकडे शून्यं भरून. अर्धवट पाठवलं तर उरलेल्या जागेत आधीचा नंबर तसाच राहू शकतो.

नंबर फक्त तुमच्या आतल्या वापराचा असेल तर शिस्तीचा मार्ग असा, की पीसी शब्दातला (चिपमध्ये ईपीसीच्या आधी असलेली नियंत्रण माहिती) टॉगल बिट १ करायचा. मग हा ईपीसी नाही हे रीडरला कळतं. बंदिस्त वापरात पुष्कळ जण डावीकडे नुसती शून्यं भरून मोकळे होतात आणि त्यांचं चालतं. माल दुकानात विकला जाणार असेल तर मात्र खरा एसजीटीआयएनच हवा, आणि तो बारकोडचे अंक चिकटवून तयार होत नाही. एसजीटीआयएनमध्ये बारकोडचा चेक डिजिट (शेवटचा पडताळणीचा अंक) नसतो, आणि सिरियल २७४८७७९०६९४३ च्या वर जात नाही. हे काम सॉफ्टवेअरवर सोडा.

लेबलचा रोल बदलला की आरएफआयडी कॅलिब्रेशन (चिपची जागा आणि लिहिण्याची पॉवर प्रिंटरला जुळवून देणं) पुन्हा करा. पॉवर जास्त असेल तर नंबर शेजारच्या लेबलवर जातो, आणि छपाई बघून ते कळत नाही. तपासताना ईपीसीबरोबर टीआयडी, म्हणजे चिपचा स्वतःचा क्रमांकही वाचा. तो कारखान्यातूनच पक्का लिहून येतो, त्यामुळे नंबर नक्की कुठल्या चिपवर गेला याचा घोळ राहत नाही. लॉक करायचं असेल तर या तपासणीनंतरच, कारण परमालॉक (कायमचं लॉक) उघडत नाही.