मेंदीचा केशरी रंग आणि काळीकुट्ट टोकं

प्रश्न : निम्मे केस पांढरे आहेत. मेंदीने ते भडक केशरी होतात, म्हणून रात्री भिजवलेल्या मेंदीतच लिंबू आणि इंडिगो (निळीच्या झाडाच्या पानांची) पावडर घातली. तरी केशरीच! काय चुकलं? – एक वाचक, सांगली

उत्तर : लिंबू आणि रात्रभर भिजवणं मेंदीला मानवतं, इंडिगोचा रंग मात्र त्याने मरतो. पांढऱ्या केसाला स्वतःचा रंग नसतो, त्यामुळे मेंदीचा केशरी तिथे उघडा पडतो. आता पुन्हा मेंदी नको, नुसती इंडिगो लावा. (कपड्यांची नीळ नव्हे!)

आधी केस शाम्पूने धुवा. तेल, कंडिशनर अजिबात नको, त्यावर रंग बसत नाही. खांद्यापर्यंतच्या केसांना १०० ग्रॅम पावडर लागते, नुसत्या मुळांना ४० पुरे. कोमट पाण्यात चिमूटभर मीठ घालून दह्याइतकी दाट कालवा. दहा-पंधरा मिनिटांत वर निळसर साय धरली की लगेच लावायला घ्या, कारण अर्ध्या तासात जोर ओसरू लागतो. एकटीने लावणार असाल तर दोन वेळा थोडी थोडी कालवणं बरं. कानशिलं आणि भांग आधी, तिथले पांढरे केस सर्वांत हट्टी. वर प्लास्टिकची टोपी घाला. लेप वाळला की रंग चढायचा थांबतो. दीड-दोन तासांनी नुसत्या पाण्याने धुवा आणि ४८ तास शाम्पू टाळा. पहिल्या दिवशी हिरवट झाक दिसेल. घाबरू नका, हवा लागून ती गडद होते. केशरी उरलाच तर दोन दिवसांनी पुन्हा इंडिगो.

इंडिगोवर ब्लीच मात्र कधीच करू नका, केस हिरवे होतात आणि तो हिरवा सहजी जात नाही. ‘काळी मेंदी’च्या पाकिटात बहुधा पीपीडी हे रसायन असतं. कानामागे थेंबभर लावून ४८ तास वाट पाहा. खाज किंवा सूज आली तर ते पाकीट वापरू नका.

प्रश्न : डबीतला तपकिरी रंग दर महिन्याला लावते. मुळं तपकिरी, टोकं मात्र काळीकुट्ट. – एक वाचक, डोंबिवली

उत्तर : तुम्ही दर वेळी पूर्ण केसांना रंग लावत असणार, त्यामुळे टोकांवर थरावर थर चढलाय. फिकट छटेची डबी आणून उपयोग नाही, रंगाने रंग उतरत नाही. टोकांना कोंड्याचा शाम्पू लावून पाच मिनिटं ठेवा; आठवड्यात दोन-तीनदा केलंत तर थोडा उतरेल, पुढे कंडिशनर लावाच. यापुढे रंग फक्त वाढलेल्या मुळांना, पाकिटावर दिलेल्या वेळेपुरता. टोकं निस्तेज वाटली तरच शेवटची पाच मिनिटं, ओल्या हाताने तोच रंग खाली ओढा.