सेन्सर वापरून कचरा आपोआप वेगळा करणारी सिस्टीम बनवायची आहे. कोणते सेन्सर घेऊ आणि अ‍ॅक्युरसी ९५% च्या वर कशी नेऊ?

तुमच्या प्रश्नातलं ते ९५% वाचलं आणि हातातलं काम बाजूला ठेवून लिहायला बसले. आमच्या पोस्टरवर ९४ होतं.

शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट, चौघांचा ग्रुप, विषय अगदी हाच. धातू, ओला, कागद, प्लास्टिक असे चार डबे, त्यांच्या डोक्यावरून जाणारा पट्टा, पट्ट्यावर सेन्सर आणि कॅमेरा, पुढे सर्व्होवर (सांगितलेल्या कोनात फिरणारी छोटी मोटर) फिरणारे फ्लॅप. माझ्याकडे पट्टा आणि फ्लॅप, ज्याला आमचा कोडवाला मित्र 'सुतारकाम' म्हणायचा. त्याच्याकडे कॅमेरा आणि मॉडेल. उरलेल्या दोघांनी रिपोर्ट केला, ते जाऊ द्या.

मॉडेल त्याने ट्रॅशनेटवर ट्रेन केलं होतं. तुम्हीही बहुतेक तेच डाउनलोड करून बसला असाल, सगळेच करतात. २०१६ चा डेटासेट, २,५२७ फोटो, सहा वर्ग, आणि प्रत्येक फोटोत पांढऱ्या बोर्डावर एकटी एक वस्तू. तिच्यावर काही पडलेलं नाही, खाली काही दबलेलं नाही. आणि 'ट्रॅश' नावाच्या वर्गात फक्त १३७ फोटो, म्हणजे जे काय येईल याचा नेम नाही त्याचेच सगळ्यात कमी. लॅबमध्ये आम्ही टेस्टिंगही तसंच करायचो, एक वस्तू हाताने ठेवायची, लेबल वर, मग हातभर जागा सोडून पुढची. आले ९४ टक्के. मी तेव्हाच म्हणाले होते की अरे, हे मधलं अंतर माझा हात सोडतोय, मशीन सोडत नाहीये, कचरा काय रांग लावून येतो का. आपण दोन पट्टे लावू, पहिला हळू, दुसरा तिप्पट वेगाने, म्हणजे पहिल्यावर दोन वस्तूंमध्ये १५ सेंटीमीटर असतील तर दुसऱ्यावर ४५ होतील आणि कॅमेऱ्याला एका वेळी एकच दिसेल. त्यासाठी अजून एक मोटर आणि आठवडाभर वेळ लागणार होता. तर कोडवाला म्हणाला, 'तू फक्त पट्टा फिरव, बाकीचं एआय बघेल.'

दुसरं भांडण पाचव्या डब्यावरून. माझं म्हणणं, मशीनला कळलं नाही तर ते कुठे टाकायचं? 'इतर' म्हणून एक डबा हवाच. त्याचं म्हणणं, इतरमध्ये गेलेली प्रत्येक वस्तू चूक धरली जाईल आणि आकडा खाली येईल. सरांनाही आकडा आवडला होता. पाचवा डबा गेला.

परीक्षेच्या दिवशी एक्स्टर्नल आले, आमचं एकेक वस्तू ठेवणं दोन मिनिटं शांतपणे बघितलं, मग कोपऱ्यातलं मिश्र कचऱ्याचं टब उचललं आणि म्हणाले, आता हे सगळं एकदम ओता. ओतलं. कॅमेऱ्याखाली एक डोंगर आला, कॅमेऱ्याने त्याला पुठ्ठा म्हटलं (वर पुठ्ठा होता, चूक नव्हतीच त्याची), पहिला फ्लॅप डोंगरात अडकला, सर्व्हो अडकल्यावर जो करंट ओढतो तो ओढायला लागला आणि सर्व्होला सप्लाय होता कंट्रोलरच्याच पाच व्होल्टवरून, त्यामुळे व्होल्टेज पडलं आणि कंट्रोलर रीसेट. रीसेट झाला की फ्लॅप मूळ जागी. मूळ जागा म्हणजे प्लास्टिकचा डबा. मग पुन्हा सुरू, पुन्हा अडकला, पुन्हा रीसेट, आणि दर खेपेला थोडं थोडं करून अख्खं टब, केळीच्या साली, डबे, वर्तमानपत्र, सगळं प्लास्टिकमध्ये. मागे पोस्टरवर ९४%.

एक्स्टर्नलनी विचारलं काय झालं, तर हा माणूस म्हणतो, 'सर, मेकॅनिकल साइडचा इश्यू आहे, एआय परफेक्ट आहे.' चौघांचे मार्क सारखे कापले गेले, पण ते वाक्य मी अजून विसरलेली नाही.

आता आकड्याचं बघा. समजा पट्ट्यावरून हजार वस्तू गेल्या, त्यात पेटच्या (PET, पाण्याच्या बाटल्यांचं प्लास्टिक) बाटल्या १००. तुमचं मशीन त्या शंभरातल्या ९० बरोबर ओळखतं, आणि उरलेल्या ९०० पैकी १० टक्क्यांना चुकून पेट म्हणतं. म्हणजे दोन्हीकडे ९० टक्के बरोबर, ऐकायला छान. डब्यात काय पडलं? ९० पेट आणि ९० भलतंच. गठ्ठा अर्धा घाण, तो कुणी विकत घेत नाही. उलट मशीनला जरा भित्रं करा, खात्री असेल तेव्हाच हात लावू द्या, शंभरातल्या ७० च पकडेल पण चुका १ टक्क्यावर आल्या तर ७० पेटमागे ९ च चुकीच्या, म्हणजे ८९ टक्के शुद्ध माल, आणि सुटलेल्या ३० परत फिरवता येतात. शुद्धता किती आणि हाती किती लागलं, हे दोन वेगळे आकडे आहेत. तुमच्या रिपोर्टमध्ये ते प्रत्येक डब्यासाठी वेगळे लिहा, एकच गोळाबेरीज अ‍ॅक्युरसी लिहिणारा माणूस एकतर नवखा असतो किंवा काहीतरी झाकत असतो.

आणि भलतंच म्हणजे किती भलतं, तेही आहेच. पेट वितळवायला साधारण २६० अंशाच्या पुढे जावं लागतं, पीव्हीसी (हेही बाटल्यांत सापडणारं दुसरं प्लास्टिक) त्याच्या बरंच आधी विघटित व्हायला लागतं आणि हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड सोडतं, त्याने पेट पिवळं पडतं, कमजोर होतं. थोडंसं पीव्हीसी भरपूर पेट नासवतं. आणि कॅमेऱ्याला दोन्ही पारदर्शक बाटल्याच. पाण्यात बुडवून वेगळं करू म्हणाल तर पीई आणि पीपी (पिशव्या, झाकणं वगैरेंची प्लास्टिकं) तरंगतात, पण पेट आणि पीव्हीसी दोन्ही बुडतात, घनता जवळपास सारखीच.

बरं, सेन्सर. धातूसाठी इंडक्टिव्ह प्रॉक्सिमिटी, म्हणजे धातू जवळ आला की न शिवता ओळखणारा सेन्सर. डेटाशीटवर ४ मिलिमीटर रेंज लिहिली असेल तर ती लोखंडासाठी असते, अ‍ॅल्युमिनियमला साधारण ०.४ ने गुणा, राहिले १.६. आमचा सेन्सर पट्ट्याखाली होता आणि पट्टाच २ मिलिमीटर जाडीचा, त्यामुळे अ‍ॅल्युमिनियमचा एकही कॅन आम्हाला कधी दिसला नाही आणि आम्ही आठवडाभर कोड तपासत बसलो. ३० मिलिमीटर व्यासाचा, नॉन-फ्लश प्रकारचा (तोंड बसवलेल्या पत्र्याच्या बाहेर राहतं तो) घ्या, त्याची रेंज १५ च्या आसपास असते, अ‍ॅल्युमिनियमसाठी ६ तरी मिळतात. कपॅसिटिव्ह सेन्सर ओल्यासाठी वापरतात, कारण तो जो गुण मोजतो तो, म्हणजे डायइलेक्ट्रिक कॉन्स्टंट, पाण्याचा ८० च्या घरात आणि प्लास्टिक, कोरडा कागद वगैरेंचा बहुतेक २ ते ४. पण म्हणूनच तळाशी घोटभर पाणी राहिलेली बाटली त्याला ओला कचरा वाटते. धातूलाही तो हो म्हणतो, म्हणून इंडक्टिव्हचं उत्तर आधी बघायचं, कपॅसिटिव्हचं नंतर.

प्लास्टिकचा प्रकार ओळखायचा असेल तर निअर इन्फ्रारेड (लाल रंगाच्या पलीकडचा, डोळ्याला न दिसणारा प्रकाश), दुसरा सोपा रस्ता नाही. पेट १६६० नॅनोमीटरच्या आसपास प्रकाश शोषतं, पीई-पीपी त्याच्या जरा पुढे, १७०० च्या वर. वेबकॅमचा सिलिकॉन सेन्सर ११०० च्या पुढे आंधळा असतो, त्यामुळे वेबकॅमचा इन्फ्रारेड फिल्टर काढून प्लास्टिक ओळखतो असं सांगणारे व्हिडिओ बघण्यात वेळ घालवू नका. इनगास (InGaAs) फोटोडायोड, म्हणजे तो प्रकाश दिसणारा सेन्सर, लागतो, आणि वेगवेगळ्या तरंगलांबीचे एलईडी एकामागून एक पेटवून मोजता येतं, विद्यार्थ्यांना जमण्यासारखं आहे. काळं प्लास्टिक मात्र विसरा. त्यातला कार्बन ब्लॅक सगळाच प्रकाश गिळतो, सेन्सरला तिथे काही नसल्यासारखंच दिसतं, कचरा निवडायच्या कारखान्यांतल्या मोठ्या मोठ्या लाइनवरही तेच.

मोठ्या लाइन मी जवळून बघते कारण आता माझं पोटच त्यावर आहे, मेंटेनन्सला आहे मी. तिथे आल्यावर कळलं की सेन्सर हा शेवटून दुसरा टप्पा असतो. आधी फिरती चाळणी साइजप्रमाणे वेगळं करते, मग लोहचुंबक लोखंड काढतो, मग एडी करंट सेपरेटर (आत वेगाने फिरणारे चुंबक असलेला ड्रम) अ‍ॅल्युमिनियमला उडवतो (हा क्रम उलटा केलात तर लोखंड त्या चुंबकी रोटरच्या ड्रमला चिकटून तापतं आणि ड्रमला भोक पाडतं), मग वेगवान पट्ट्यावर माल एका थरात पसरतो आणि तेव्हा कुठे निअर इन्फ्रारेड त्याच्याकडे बघतो. पसरवणं, पसरवणं आणि पसरवणं. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, पट्ट्यावर वस्तू सुटी नसेल तर मॉडेलमध्ये ती सुटी कुठून येईल?

आणि बघा, तिथे ओळखलेल्या वस्तूला हवेचा झोत मारून उडवतात. जे ओळखलं नाही त्याला कुणी हात लावत नाही, ते आपलं सरळ पुढे पडतं. म्हणजे कॉम्प्रेसर बंद पडला, लाइट गेली, सेन्सरची काच मळली, काहीही झालं तरी माल 'इतर' मध्येच जातो, पेटच्या गठ्ठ्यात नाही. माझा पाचवा डबा! पहिल्यांदा ते बघितलं तेव्हा फोटो काढून कोडवाल्याला पाठवणार होते.

शेवटी निवडायला माणसं असतातच. आमच्याकडच्या एक बाई बाटली उलटी करून तळ बघतात, मधोमध ठिपका असेल तर पेट, आडवी रेघ असेल तर दुसरं काहीतरी. ठिपका म्हणजे प्रीफॉर्ममध्ये (फुगवून बाटली करायच्या आधीची जाड नळी) प्लास्टिक जिथून आत शिरलं ती जागा, रेघ म्हणजे नळी साच्यात चिमटून फुगवल्याची खूण. त्यांना प्रीफॉर्म वगैरे शब्द माहीत नाहीत, पण सेन्सर चुकला तर मी त्यांनाच विचारते. तुमचा डेटा गोळा करायच्या आधी अशा माणसाशेजारी दोन दिवस उभे राहा, वस्तू कशी पडते, कशाला चिकटून येते हे कळेल. पातळ पिशव्या शाफ्टला कशा गुंडाळतात तेही कळेल, आमची अर्धी शिफ्ट त्या सुरीने कापण्यात जाते. उंटावरून शेळ्या हाकून हे मशीन होत नाही.

टायमिंगचं राहिलंच. कॅमेऱ्यापासून फ्लॅप ६० सेंटीमीटर, पट्टा सेकंदाला २० सेंटीमीटर, म्हणून आमच्या कोडमध्ये तीन सेकंद थांब असं सरळ लिहिलेलं. त्या तीन सेकंदांत कंट्रोलर दुसरं काहीच बघत नाही, हा एक गाढवपणा. दुसरा म्हणजे वजन पडलं की पट्टा मंदावतो, १० टक्के मंदावला तर वस्तू ६ सेंटीमीटर मागे असताना फ्लॅप हलतो. रोलरला एन्कोडर (रोलर किती फिरला ते पल्समध्ये सांगणारा सेन्सर) लावा, वेळ मोजू नका, पल्स मोजा, प्रत्येक वस्तूची रांगेत नोंद ठेवा. मोठ्या लाइनवर पट्टा सेकंदाला ३ मीटरने धावतो, तिथे १० मिलिसेकंदांची चूक म्हणजे ३ सेंटीमीटर, झोत शेजारच्याला लागतो. सर्व्होला वेगळा सप्लाय, ग्राउंड मात्र कॉमन. हे दोन्ही कोडवाल्याचं काम होतं, सुतारकाम नव्हे, आणि तो हे वाचत असेल तर वाचू दे, प्रोफाइलवर अजून '९४% अ‍ॅक्युरसीची स्मार्ट सिस्टीम' लिहिलेलं आहे त्याने.

हे सगळं पट्ट्याच्या सिस्टीमबद्दल झालं. तुमचा बेत एकाच वेळी एक वस्तू टाकायच्या डस्टबिनचा असेल तर पसरवण्याचा प्रश्नच येत नाही, मग वरचं निम्मं सोडून द्या, फक्त इतरचा कप्पा तेवढा ठेवा. आणि तुमचे मार्क जर आकड्यावर ठरणार असतील, तर मी काय सांगणार.

अजून एक, प्रामाणिकपणे. पट्टा मंदावायचा तो नुसता वजनाने नाही. ड्राइव्ह रोलर म्हणून मी साधा गुळगुळीत पीव्हीसी पाइप लावला होता, त्यावरून पट्टा घसरायचा आणि एका बाजूला सरकायचाही. कोडवाल्याने हे दोनदा दाखवलं होतं, मी म्हणाले होते चालतंय. तुम्ही रोलरवर रबर चढवा आणि मधे किंचित फुगवटा ठेवा, पट्टा आपोआप मध्यावर राहतो.