स्वतःचा टंच स्वतः काढता येतो का?

मागच्या खेपेला प्रेषित पौलाच्या एका वाक्यावर लिहिलं होतं. करिंथची मंडळी, म्हणजे तिथले ख्रिस्ती लोक, त्याच्याकडेच पुरावा मागत होती. त्यानं ती तपासणी त्यांच्यावर उलटवली. तुम्ही विश्वासात आहात की नाही, ते आधी स्वतःला विचारा (२ करिंथ १३:५). त्यावर बरीच पत्रं आली. निम्म्या लोकांनी परीक्षा केली होती खरी, पण शेजारच्या बाकावरच्याची. ती पत्रं बाजूला ठेवली आहेत. उरलेल्यांतली पाच इथे घेतो. ओळख पटेल असं त्यातलं काढून टाकलं आहे.

आमच्या कोल्हापूर भागात आत्मपरीक्षणावर बोलताना हुपरीच्या चांदीवर जायचा मोह प्रत्येक पाळकाला होतो. चांदी गाळणारा स्वतःचा चेहरा त्यात दिसेपर्यंत थांबतो, ही गोष्ट तुम्ही दहा उपदेशांत तरी ऐकली असेल. बायबलात मलाखीच्या तिसऱ्या अध्यायात गाळणारा बसलेला आहे. चेहऱ्याचं तिथे काही नाही. मला चांदीची दुसरीच गोष्ट पटते. माल कितीही चकचकीत असो, टंच, म्हणजे चांदी किती शुद्ध ते, मालकाच्या शब्दावर ठरत नाही. तो दुसऱ्याकडून काढून आणावा लागतो.

प्रश्न : माझा जन्म ख्रिस्ती घरातला. तरुण संघात सगळे साक्ष देताना नव्या जन्माची तारीख सांगतात. माझ्याकडे तारीखच नाही. लहानपणापासून प्रार्थना करत आले, एवढंच. माझं तारण झालंय की नाही?
(विद्यार्थिनी, शाहूपुरी)

पौलाकडे दिमिष्काची वाट होती, तिथे त्याला ख्रिस्त एकाएकी भेटला. त्याचा तरुण सोबती तीमथ्य, त्याच्याकडे काय होतं? आजी लोईस आणि आई युनीके. पौल त्याला त्या दोघींची आठवण करून देतो, तुझा प्रसंग कधीचा असं विचारत नाही. आपल्याकडची साक्ष द्यायची पद्धत दिमिष्काच्या बाजूला झुकलेली आहे, कारण तसली साक्ष ऐकायला रंगतदार असते. दारू सोडलेल्या माणसाची अर्धा तास चालते, तुझी दोन मिनिटांत संपेल. यात तुझा काही दोष नाही.

आणि तारीख असली म्हणजे भागतं असंही नाही. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेजला झाला. प्रत्येक गोष्ट पारखून घेणारी विदुषी. भावनेच्या भरात केलेलं ते काम नव्हतं. १८८९ मध्ये त्यांनी शारदा सदन उघडलं. आणि तरी पुढे त्यांनीच लिहून ठेवलं की बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी आपल्याला कळलं : ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता. तारीख नोंदलेली, काम मोठं, नाव त्याहून मोठं, आणि प्रश्न तसाच शिल्लक. तो त्यांनी स्वतःला विचारला, म्हणून मला त्यांची साक्ष फार खरी वाटते.

तेव्हा तारीख शोधणं सोड. चूक झाली की तुला ती ख्रिस्तापासून लपवावीशी वाटते, की ती घेऊन त्याच्याकडेच जावंसं वाटतं? ते बघ. मार्काच्या शुभवर्तमानातल्या शेतकऱ्यानं बी पेरलं, तो झोपला, उठला. बी कसं उगवलं हे त्याला कळलंच नाही. कणीस मात्र आलं.

एक टोचून सांगतो. आजीचा विश्वास सातबाऱ्यावर वारस लावावा तसा तुझ्या नावावर चढत नाही. तीमथ्याला लिहितानाही पौल म्हणतो, तो विश्वास *तुझ्यातही* आहे अशी माझी खात्री आहे.

प्रश्न : दर महिन्याच्या पहिल्या रविवारी आमच्याकडे प्रभुभोजन असतं. आदल्या रात्री मी पापं आठवून आठवून वहीत लिहितो. तरी काही राहिलं असेल या भीतीनं सकाळी मागच्या बाकावर बसून राहतो, भोजन घेत नाही. सात महिने झाले.
(सेवानिवृत्त शिक्षक, कसबा बावडा)

सर, १ करिंथ ११:२८ पुन्हा एकदा वाचा, शेवटपर्यंत. माणसानं आपली परीक्षा करावी आणि मग ती भाकर खावी, तो प्याला प्यावा. परीक्षा करून मागच्या बाकावर बसावं, असं ते वाक्य नाही. पेपर तपासून गुण न देताच गठ्ठा बांधून ठेवणाऱ्या सहकाऱ्याला तुम्ही काय म्हटलं असतं?

त्याच उताऱ्यातला 'अयोग्य प्रकारे' हा शब्द तुम्हाला छळतोय, असं पत्रावरून दिसतं. तो खाणाऱ्याच्या लायकीबद्दल नाही, खाण्याच्या रीतीबद्दल आहे. करिंथात काय चाललं होतं? काही जण आधीच आपापलं जेवून घेत. एक भुकेला राही, एक झिंगलेला असे. ज्यांच्याकडे काही नाही त्यांना खाली मान घालावी लागे. पौलाचा संताप त्यावर आहे. म्हणजे आदल्या रात्री विचारायचा पहिला प्रश्न असा : या मेजावर माझ्यामुळे कुणाची मान खाली जाते? मूळची जात, गाव, कुणाची वर्गणी किती, या गोष्टी आपण चर्चच्या दाराशी चपलांबरोबर सोडून येतो असं तुम्हीही म्हणणार नाही. तुमच्या वहीत त्याची नोंद किती वेळा आहे, हे मला खरंच पाहायला आवडेल.

वही ठेवा, पण एक पान आणि पंधरा मिनिटं. त्यानंतर १ योहान १:९ (पापं कबूल केली तर देव क्षमा करतो) वाचून दिवा मालवा. योहान त्याच पत्रात पुढे म्हणतो की आपलं मन आपल्याला दोषी ठरवतं तेव्हा देव आपल्या मनापेक्षा मोठा असतो. मनाचा निकाल हा शेवटचा निकाल नाही, एवढा त्याचा अर्थ.

आणखी एक. तेच पाप पुन:पुन्हा कबूल करणं, रात्र रात्र जागणं, आणि त्याबरोबर कुलूप, गॅस पुन्हा पुन्हा तपासणं असं काही होत असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. तो आजार असू शकतो, आणि त्याला औषध आहे. विश्वास कमी पडला असा त्याचा अर्थ नाही. मी काहींना परीक्षा वाढवायला सांगतो आणि काहींना कमी करायला. तुम्ही दुसऱ्यांतले.

प्रश्न : पाळकसाहेब, बाप्तिस्म्याला दोन वर्षं झाली. दारू सुटली, मावा सुटला. पण शाहू स्टेडियमवर मॅच बघताना तोंडातनं शिवी जातीच. नवा जन्म खोटा म्हणायचा काय?
(मंगळवार पेठ)

नाही. शिवी आता टोचते. दोन वर्षांपूर्वी टोचत होती का? रेफ्रीला घातलेली शिवी आणि घरात पोराला घातलेली शिवी यांत मला फरक दिसतो, जिभेवर कडक लिहिणाऱ्या याकोबाला तो दिसला नसता. मॅचला लहान भाच्याला बरोबर न्या. माझ्या ओळखीच्या एकाला हा उपाय चांगला लागू पडला. तरी गेलीच, तर तिथल्या तिथे शेजारच्याला "चुकलं भावा" म्हणा. हसतील. हसू दे.

प्रश्न : माझे यजमान मंडळीत वडील (कारभार पाहणारे) आहेत. प्रार्थना अशी करतात की लोक रडतात. घरी ताट भिरकावतात, हात उचलतात. कुणाला सांगितलं तर मंडळीची बदनामी होईल. शास्त्र क्षमा करायला सांगतं. मी माझीच परीक्षा करते, माझंच काही चुकत असेल.
(एक भगिनी)

ताई, ही परीक्षा तुमची नाहीच.

१ तीमथ्य ३ मध्ये मंडळी चालवणाऱ्याची पात्रता दिली आहे. आपल्या मराठी शास्त्रात तिथे अगदी साधा शब्द आहे : 'मारका' नसावा. स्वतःचं घर नीट चालवणारा असावा, हेही त्याच यादीत. लोकांना रडवणारी प्रार्थना त्या यादीत कुठेच नाही. आणि पेत्र तर सांगतो की बायकोला मान न देणाऱ्याच्या प्रार्थनेत अडथळा येतो (१ पेत्र ३:७). म्हणजे लोक ज्या प्रार्थनेनं रडतात, ती पेत्राच्या हिशेबानं अडकून पडलेली आहे. वर म्हटलं तो टंच घरात निघतो, आणि तुमच्या घरात तो निघालेला आहे.

क्षमा म्हणजे मार खात राहणं नव्हे. बदल झाल्याचं दाखवायची जबाबदारी मारणाऱ्यावर असते. खरा पश्चात्ताप असेल तर ते स्वतः पाळकांकडे जाऊन सांगतील, वडीलपद सोडतील, आणि पुन्हा विश्वास ठेवायला तुम्ही किती वेळ घ्यायचा हे तुमच्यावर सोडतील. नुसते अश्रू मी मोजत नाही. तेवढे मी पुष्कळ पाहिले.

आज करायचं ते : विश्वासातल्या एका व्यक्तीला सांगा. १८१ ही महिला हेल्पलाइन आहे. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली संरक्षण अधिकाऱ्याकडे जाता येतं. पाळकांनी "सहन करा" म्हटलं, तर दुसऱ्या कुणाकडे जा, पण घरी तशाच परतू नका. बदनामी तुमच्या बोलण्यानं होणार नाही. ती त्यांच्या हातानं होऊन गेली आहे.

प्रश्न : गावातलं दूध संकलन माझ्याकडे होतं. दहा-बारा वर्षं फॅट एक-दोन पॉइंट कमी लावून पैसे खाल्ले. चार वर्षांपूर्वी प्रभूला स्वीकारलं आणि तो धंदा सोडला. जुनी रजिस्टरं माळ्यावर आहेत, जाळून टाकावीत म्हणतो. देवानं माफ केलं, आता उकरून काय उपयोग?
(करवीर तालुका)

चार वर्षं ती माळ्यावर आहेत. जाळायचीच असती, तर एव्हाना जाळली असतीत.

जकातदार जक्कयाची गोष्ट तुम्हाला पाठ असेल, पण तिचा क्रम बघा. येशूनं त्याला झाडावरून खाली बोलावलं, मी तुझ्या घरी उतरणार म्हणाला, तोवर जक्कयानं एक पैसा परत केलेला नव्हता. हे विसरलात तर भरपाई म्हणजे तारणाची किंमत होऊन बसेल. नंतर जक्कय उभा राहून बोलला तो मात्र आकड्यांत बोलला. मनाला शांती मिळाली वगैरे काही नाही. अर्धी मालमत्ता गरिबांना, आणि कुणाचं अन्यायानं घेतलं असेल तर चौपट. आपण होऊन कबूल केलेल्या अपराधाला नियमशास्त्र मुद्दल आणि वर पाचवा हिस्सा एवढंच मागतं (गणना ५:७). चौपट ही मेंढरू चोरून कापणाऱ्याची शिक्षा (निर्गम २२:१). जक्कयानं स्वतःला सवलतीचा दर लावला नाही, चोराचा लावला. मला बदल दिसतो तो तिथे.

आता तुमचं. दुधाचा दर फॅटवर. ६.५ फॅटची म्हैस ६.३ लागली, लिटरमागे फरक थोडका. पण सकाळ-संध्याकाळ, दर दहा दिवसांनी बिल, वर्षाची छत्तीस बिलं, अशी दहा-बारा वर्षं. देवानं माफ केलं हे खरं, पण दोन म्हशींवर घर चालवणाऱ्या बाईला अजून वाटतंय की आपल्याच म्हशीचं दूध पातळ होतं. त्यापायी तिनं पेंड बदलली असेल, एखादी म्हैस विकलीही असेल. पैशाइतकीच ही गोष्टही तुम्ही तिला देणं लागता.

रजिस्टरं खाली काढा. आकडा तंतोतंत निघणार नाही; शंका येईल तिथे समोरच्याच्या बाजूनं धरा. लहान खातेदार आधी, वारलेत त्यांच्या वारसांना. हप्त्यानं दिलंत तरी चालेल. त्याआधी वकिलाला भेटा, कबुलीचे परिणाम काय ते कळावेत म्हणून. पळवाट शोधायला नव्हे. बायकोला सगळ्यांत आधी सांगा. दागिने मोडायची भाषा तिच्या तोंडून आली तर आली, तुमच्या तोंडून नको. चर्चमध्ये यावर साक्ष देऊ नका, निदान पैसे पोचेपर्यंत तरी. टाळ्या पडल्या की उरलेले हप्ते थकतात, हे मी पाहिलं आहे. काही जण शिव्या देतील. काही म्हणतील, ख्रिस्ती होऊन याचं डोकं फिरलं. जे पैसे नको म्हणतील, त्यांना आणखी एकदा विचारा.

पत्रात तुम्ही "त्यात एक म्हातारी" असं लिहून खोडलं आहे. कागद उजेडाकडे धरला की वाचता येतं. तिच्याकडे पहिल्यांदा जा. धारेची वेळ सोडून, दुपारी.