लोकसभेला उमेदवार नेमका कशामुळे निवडून येतो?

तुम्ही विचारलंय की लोकसभेला उमेदवार पैशामुळे निवडून येतो, जातीमुळे, नेत्याच्या लाटेमुळे की स्वतःच्या कामामुळे. मी महाराष्ट्रापुरतंच सांगतो, कारण इथल्या निवडणुका मी जवळून पाहिल्यात, बूथवर पोलिंग एजंट म्हणून बसलोय. माझं मत असं आहे की लाट असेल तर उमेदवाराचं फारसं चालत नाही. लाट नसेल तेव्हा मात्र दोन गोष्टी निकाल फिरवतात: विरोधातली मतं किती जणांत वाटली गेली, आणि आपलं मत खरोखर यंत्रापर्यंत पोचलं का. भाषणं, फ्लेक्स आणि रील्स यांचा नंबर त्यानंतर लागतो.

लाटेचं आधी सांगतो. २०१४ ला राज्यात ४८ पैकी ४२ जागा महायुतीला मिळाल्या, २०१९ ला युतीला ४१. मग शिवसेना आणि राष्ट्रवादी हे दोन पक्ष फुटले आणि २०२४ ला महायुती १७ वर आली. पडलेल्यांत आधी मोठ्या मतांनी निवडून आलेले बरेच खासदार होते. दिंडोरीत पडलेल्या भाजपच्या भारती पवार केंद्रात आरोग्य राज्यमंत्री होत्या. पण डिसेंबर २०२३ मध्ये कांद्याच्या निर्यातीवर बंदी आली, आणि मे २०२४ च्या सुरुवातीला ती उठली तीही शुल्काची अट घालून. २० मेला मतदान होतं. ज्याच्या चाळीत कांदा पडून होता, त्याच्यापुढे आरोग्य खात्याची कामं सांगून काय उपयोग होणार होता?

आता सांगलीचं उदाहरण घ्या, कारण तिथे तेच दोन उमेदवार दोनदा समोरासमोर आले. २०१९ ला भाजपचे संजयकाका पाटील आणि स्वाभिमानी पक्षाच्या तिकिटावर, काँग्रेस आघाडीकडून, विशाल पाटील. वंचित बहुजन आघाडीकडून गोपीचंद पडळकर उभे राहिले आणि त्यांनी तब्बल तीन लाख मतं घेतली. संजयकाका एक लाख चौसष्ट हजारांनी आले. २०२४ ला महाविकास आघाडीत ही जागा ठाकरेंच्या शिवसेनेकडे गेली, त्यांनी पैलवान चंद्रहार पाटलांना तिकीट दिलं आणि विशाल पाटील अपक्ष उभे राहिले. कागदावर पुन्हा तिरंगी लढत. पण जिल्ह्यातली काँग्रेसची माणसं मनाने अपक्षाबरोबर होती आणि वंचितनेही त्यांनाच पाठिंबा दिला. चंद्रहार पाटील साठ हजारांवर थांबले, अपक्ष लाखाच्या फरकाने खासदार झाला. तिघंही पाटीलच, त्यामुळे जातीचं सरधोपट गणित इथे काही सांगत नाही. वसंतदादांचं घराणं, सहानुभूती, खासदाराविषयीची नाराजी हे सगळं होतंच. तरी पाच वर्षांत सर्वांत मोठा बदल झाला तो हा की विरोधातलं मत एका ठिकाणी आलं.

उलट बाजू २०१९ च्या औरंगाबादची. शिवसेनेचे चंद्रकांत खैरे तिथले सलग चार वेळचे खासदार. हर्षवर्धन जाधव अपक्ष उभे राहिले आणि ट्रॅक्टर चिन्हावर पावणेतीन लाखांहून जास्त मतं घेऊन गेले. एमआयएमचे इम्तियाज जलील साडेचार हजारांच्या आत-बाहेर आघाडी घेऊन जिंकले. वीस वर्षांची पकड एका तिसऱ्या उमेदवाराने सोडवली. म्हणून अर्ज मागे घेण्याच्या शेवटच्या दिवशी दुपारी तीनपर्यंत कोण बसतो आणि कोण उभा राहतो, हे मला शेवटच्या सभेपेक्षा महत्त्वाचं वाटतं.

लोकसभा म्हणजे आपल्याकडे सहा विधानसभा. त्यातल्या पाचांत पुढे राहूनही माणूस पडू शकतो. धुळ्यात २०२४ ला नेमकं तेच झालं. भाजपचे सुभाष भामरे पाच मतदारसंघांत पुढे होते. एकट्या मालेगाव मध्यने काँग्रेसच्या शोभा बच्छाव यांना जवळपास दोन लाख मतं दिली, भामरेंना तिथे पाच हजारही मिळाली नाहीत. शेवटी ३,८३१ मतांनी बच्छाव निवडून आल्या, त्याही नाशिकच्या, तिकीट उशिरा मिळालेल्या, स्थानिक कार्यकर्त्यांची नाराजी अंगावर घेऊन. वंचितच्या उमेदवाराचा अर्ज छाननीतच बाद झाला होता. हे भामरेंच्या लोकांना दिसत नव्हतं असं नाही. मालेगाव आपल्याला मत देणार नाही हे त्यांनी धरूनच ठेवलं असणार. पण आपल्याला न मिळणारं मत किती जोरात बाहेर पडेल, याचाही हिशेब करावा लागतो आणि तेवढी आघाडी उरलेल्या पाचांत घ्यावी लागते.

चिन्हाचाही विचार करा. साताऱ्यात २०२४ ला शरद पवारांच्या पक्षाचे शशिकांत शिंदे साधारण ३२ हजारांनी पडले आणि तुतारीसारख्या दिसणाऱ्या पिपाणी चिन्हाच्या एका अपक्षाला ३७ हजार मतं गेली. पवारांच्या पक्षाला तुतारी वाजवणारा माणूस हे चिन्ह नुकतंच मिळालेलं. ती सगळी मतं चुकूनच गेली असं मी छातीठोक म्हणणार नाही, पण वयस्कर मतदाराला चिन्ह दाखवत घरोघरी फिरणं का लागतं ते यावरून कळतं.

आता बूथ, जो मला सगळ्यात जवळचा विषय. एका लोकसभा मतदारसंघात साधारण दोन हजार मतदान केंद्रं असतात. पहाटे साडेपाचला अभिरूप मतदान (यंत्र तपासायला घेतलेलं चाचणी मतदान), तेव्हा आपला एजंट हजर हवा. आत तो यादीवर खुणा करत बसतो. बाहेर शंभर मीटरपलीकडच्या टेबलावर पोरं चिठ्ठ्या शोधून देतात आणि कोण येऊन गेलं, कोण राहिलं याची नोंद ठेवतात. दुपारी ऊन उतरायच्या आधी ती राहिलेल्यांची यादी घेऊन घराघरांत जायचं, पुण्या-मुंबईच्या मुलांना फोन लावायचे. याला आम्ही मतदान काढणं म्हणतो. (उमेदवाराने मतदारांसाठी गाड्या लावणं कायद्याने भ्रष्ट आचरण आहे, तो मार्ग नकोच.) हे काम पगारी माणसाकडून धड होत नाही. ज्याला गल्लीतलं प्रत्येक घर माहीत आहे, कोण वारलं, कोणाचं लग्न होऊन गेलं, कोण नांदेडहून परत आलं हे ठाऊक आहे, त्यालाच ते जमतं. एका बूथवर पाच-दहा मतांचा फरक पडतो आणि लोकांना ते क्षुल्लक वाटतं. मुंबई उत्तर-पश्चिममध्ये २०२४ ला रवींद्र वायकर ४८ मतांनी आले. यंत्रांतल्या मतांत अमोल कीर्तिकर एका मताने पुढे होते, टपाली मतांनी निकाल उलटला. त्याच मतदारसंघात नोटाला पंधरा हजार मतं होती.

पैशाबद्दल थोडक्यात. उमेदवाराची खर्चाची मर्यादा ९५ लाख आहे, म्हणजे मतदारामागे जेमतेम पाच रुपये, आणि पक्षाच्या खर्चाला मर्यादाच नाही. पैसा नसेल तर लढतीत दिसतही नाही माणूस. पण सारख्याच तोलाचे दोन उमेदवार असले की दोघांकडेही तो असतो, मग फरक दुसरीकडे पडतो.

तुमच्या ओळखीत कोणी खरोखर तयारी करत असेल, तर त्याला सहाही विधानसभांच्या मतदार याद्या आजच हातात घ्यायला सांगा. अर्ज भरायची मुदत संपली की यादीत नवं नाव घालता येत नाही. अठरा पूर्ण झालेल्या पोरांचे नमुना ६ (नव्या नावाचा अर्ज) आणि सासरी आलेल्या मुली, भाड्याने राहायला आलेली कुटुंबं यांचे नमुना ८ (पत्ता बदलाचा अर्ज) आधीच भरून घ्या, आणि प्रत्येक बूथला गावातलाच एक माणूस नेमा.