‘लाउदातो सी’ वाचलं, पण ठाण्यातल्या आमच्या पॅरिशने (स्थानिक चर्चच्या समुदायाने) सुरुवात कशाने करावी?

झाडं लावण्याआधी चर्चमधली फुलं बघा. ‘लाउदातो सी’ या पोप फ्रान्सिस यांच्या २०१५ च्या पर्यावरणावरच्या पत्रात २४६ परिच्छेद आहेत. २३ व्यात हवामान हे सगळ्यांचं सामायिक हित म्हटलंय, पण कामाचा परिच्छेद २११ वा: कचरा वेगळा करा, लागेल तेवढंच शिजवा, प्लास्टिक आणि पाणी कमी वापरा, नको ते दिवे बंद करा. श्रद्धा इथे रोजच्या सवयीत मोजली आहे.

वेदीवरची आणि दफनभूमीतली फुलं खताच्या पिंपात घाला. आधी रिबन, तारा, सेलोफेन काढा. पुष्परचनेतला हिरवा स्पंज प्लास्टिकचा असतो, तो कुजत नाही. बहुतेक ठिकाणी खत इथेच बिघडतं. एक टोपली फुलांना दोन टोपल्या सुका पाला, वर मूठभर जुनं खत, आठवड्यातून एकदा खालीवर. मूठभर खत दाबल्यावर पाणी गळलं तर ओल जास्त. वास येतो तो त्यामुळेच. सुका पाला वाढवा. ठाण्याच्या पावसाळ्यात पिंपावर झाकण हवंच, बाजूची भोकं मात्र उघडी. दोन-तीन महिन्यांत खत तयार. पाम संडेच्या (ईस्टरआधीच्या रविवारच्या) झावळ्या यात नकोत, त्या पुढच्या वर्षीच्या राखेच्या बुधवारच्या राखेसाठी लागतात.

१ सप्टेंबर ते ४ ऑक्टोबर हा चर्चमध्ये सृष्टीसाठी प्रार्थनेचा काळ. पिंप जूनआधीच बसवलंत तर तेव्हा खत दाखवता येईल, आणि मग भाषण छोटं केलं तरी चालेल.